शिंगाळ्यासाठी नदीत होडी उभी करताना

शिंगाळा हा तळाचा मासा. दिवसा डोहाच्या बुडाशी, खडकाच्या कपारीत किंवा पुरात वाहून येऊन अडकलेल्या झाडाखाली बसून राहतो आणि उन्हं उतरली की खायला बाहेर पडतो. त्याला गळाला लावायचं तर आमिष तळाला एका जागी पडून राहिलं पाहिजे, आणि आमिष जागेवर राहायचं तर होडी जागेवर राहिली पाहिजे. पण बहुतेकांचं सगळं लक्ष गळ, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि आमिषाकडे असतं. होडी मात्र हाताला लागेल त्या दोराने, सापडेल त्या दगडाला बांधलेली असते. माझं मत ठाम आहे: शिंगाळ्याच्या मागे नदीत उतरताना सगळ्यात जास्त विचार या दोराचा करायला हवा. पाण्याबरोबर वाहत जाणारी होडी सहसा उलटत नाही. पाणी ढकलतंय आणि दोर सोडत नाही, अशी होडी उलटते. म्हणून होडी बांधण्याची तयारी ही आधी ती झटक्यात सोडता येण्याची तयारी असते.

लिहिताना डोळ्यांसमोर कृष्णा आहे. कराडच्या प्रीतिसंगमापासून खाली भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, सांगली, म्हैसाळपर्यंतच्या पट्ट्यात दहा-बारा फुटी फायबरची होडी घेऊन दोघं जण गळाला बसतात, त्यांच्यासाठी हे आहे. वारणेवर, भीमेवर किंवा गोदावरीवरही रीत हीच, फक्त तळ आणि वरचं धरण बदलतं. काहील, ट्रकची ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा घेऊन जाणाऱ्यांना मात्र एवढंच सांगेन की वाहत्या पाण्यात त्यावरून नांगर टाकूच नका. त्यांना पुढची-मागची बाजू नसते. दोर ज्या कडेला बांधाल ती कड ताण आला की पाण्याखाली जाते.

निघण्याआधी पाण्याची चौकशी

कृष्णेचं पाणी आभाळाकडे बघून कळत नाही. भर उन्हाळ्यात, ढगाचा पत्ता नसताना, ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडलं जातं. धरणाच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट चालू झालं की १,०५० क्युसेक, दोन्ही झाली की २,१०० क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या वर, तेव्हा २,१०० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास ६० हजार लिटर पाणी. ते खालच्या गावांना पोचायला कित्येक तास घेतं. त्यामुळे सकाळी बघितलेली पातळी संध्याकाळी तीच असेल हे धरून चालता येत नाही, आणि शिंगाळ्याची वेळ नेमकी संध्याकाळची.

दुसरी चौकशी बंधाऱ्याची. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात तोवर वरच्या अंगाला पाणी इतकं संथ असतं की दगडाला बांधलेली होडीही तासन् तास हलत नाही. बरगे काढायला सुरुवात झाली की त्याच जागी ओढ लागते. पाटबंधारे खात्याचा माणूस, जॅकवेलवरचा (नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीवरचा) ऑपरेटर आणि काठावरचे भोई या तिघांपैकी एकाला तरी विचारल्याशिवाय होडी पाण्यात घालू नये. यातही भोयांचा शब्द मी वरचा मानतो, कारण त्यांचं जाळं रोज त्याच पाण्यात असतं. डोह कुठे आहे, पाईप कुठे पुरलेत, मगर कुठल्या काठाला आहे, हेही तेच सांगतील. मासेमारीचा हक्क कुणाचा आहे तेही त्यांनाच विचारून घ्या. बऱ्याच पाण्यांचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो.

बंधाऱ्याच्या वर किंवा खाली पाव किलोमीटरच्या आत नांगर टाकायचा नाही. वर टाकला आणि सरकला तर होडी थेट बंधाऱ्यावर जाते. खाली तर पडलेलं पाणी उलटं फिरून पुन्हा भिंतीकडेच ओढतं, आणि त्या फेऱ्यातून वल्ह्याने बाहेर पडता येत नाही. मासा तिथे असतो हे खरं, पण तो काठावरून गळ टाकूनही मिळतो.

पावसाळ्यात, जूनपासून नदी उतरेपर्यंत, छोटी होडी वाहत्या कृष्णेत नांगरायचा विचारच करू नका. मासे विणीला चढतात तो काळही तोच. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे, पण या आकड्यांच्या कितीतरी खाली असतानाही नदी छोट्या होडीच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळमध्ये महापुरातून लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि गावातल्या माणसांचे जीव गेले. या पट्ट्यात होडीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते असायला हवं. लाइफ जॅकेट अंगात, पट्टे आवळलेले, आणि बसणारे दोघंच. जॅकेट बसायला खाली घेतलं असेल तर ते नसल्यातच जमा.

आडव्या होडीचा हिशेब

पुढच्या सगळ्या सूचना ज्यावर उभ्या आहेत तो हिशेब आधी करू. होडी १२ फूट लांब, ४ फूट रुंद, अर्धा फूट पाण्यात बुडालेली. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने, म्हणजे माणूस सावकाश चालतो त्या गतीने वाहतंय. होडीचं तोंड प्रवाहाकडे असेल तर दोरावर अंदाजे तीन-चार किलोचा ताण येतो. हीच होडी आडवी झाली की तो तीसच्या वर जातो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ताण चौपट होतो: तोंड समोर असताना बारा ते सोळा किलो, आडवी असताना सव्वाशे किलोच्या पुढे. सव्वाशे किलो एका कडेला खाली ओढत असतील तर बारा फुटी होडी पाणी घेते, आणि एकदा कडेवरून पाणी आत आलं की ते उपसायला वेळ उरत नाही.

म्हणून नांगराचा दोर फक्त आणि फक्त होडीच्या तोंडाला, मधोमध. कडेच्या कडीला नाही, आणि मागच्या बाजूला तर कधीच नाही. मागची फळी सपाट असते, पाणी कापत नाही; इंजिन बसवायला ती खाली कापलेली असते; आणि गळ टाकून माणसंही मागेच बसलेली असतात. मागून नांगरलेली होडी पाणी वाढताच मागून भरते. ‘संथ पाणी आहे, पाच मिनिटांचं काम’ असं म्हणूनही ते करू नये.

तोंडाची कडी कशी बसवली आहे ते घरीच तपासा. लाकडात घालायच्या स्क्रूने नुसती फायबरमध्ये आवळलेली कडी ताणाने निघून येते. आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी पट्टी हवी. वेल्डरकडे किंवा होडी बनवणाऱ्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे.

नांगर आणि साखळी

दगडाचा नांगर सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात कमी कामाचा आहे. काळा दगड पाण्यात गेला की त्याचं वजन साधारण एक तृतीयांशाने कमी होतं. वीस किलोचा दगड तळाला तेरा किलोचाच. सिमेंट काँक्रीटचा गोळा तर चाळीस टक्क्यांच्या आसपास हलका होतो. दोघंही तळात रुतत नाहीत, नुसते वजनाने पडून राहतात, आणि वरच्या हिशेबातला ताण आला की घसरत जातात. बंधाऱ्याच्या वरच्या साचलेल्या पाण्यात दगड चालेल, धारेत नाही.

कृष्णेचा तळ एकसारखा नाही. कुठे सलग काळा खडक, कुठे वाळू, वळणाच्या आतल्या अंगाला गाळ, आणि वाळू उपसलेल्या ठिकाणी अचानक खोल खड्डे. खडकाच्या आणि दगडगोट्यांच्या तळासाठी चार नांग्यांचा सळईचा नांगर चांगला. तो गावातला वेल्डर करून देतो. सळई दहा-बारा मिलीमीटरचीच घ्या, जाड नको: नांगर खडकात अडकला तर नांग्या ओढीने सरळ व्हायला पाहिजेत. वाळूत आणि गाळात मात्र नांग्या नुसत्या ओरखडे काढत जातात. तिथे दोन रुंद पात्यांचा, घडी होणारा नांगर लागतो. तो पाच-सहा किलोचा असला तरी रुतल्यावर वीस किलोच्या दगडापेक्षा जास्त धरतो. मी दोन्ही सोबत ठेवावेत असं म्हणेन. वजन दहा-अकरा किलो वाढतं, पण तळ बघून निवड करता येते.

नांगराला थेट दोर बांधू नका. मध्ये सहा फूट साखळी हवी. तिच्या वजनाने नांगराची दांडी तळाला आडवी राहते, तेव्हाच पातं रुततं. आणि खडकावर घासायला दोराऐवजी लोखंड असतं.

आता जी युक्ती सांगतो तिने नांगरही वाचतो आणि माणूसही. साखळी नांगराच्या वरच्या कडीत न अडकवता खालच्या बाजूला, जिथे नांग्या एकत्र येतात तिथे, पक्की बांधा. मग ती दांडीच्या कडेने वर आणून वरच्या कडीला सुतळीच्या दोन-तीन वेढ्यांनी बांधा. नेहमीच्या ताणाला सुतळी टिकते आणि नांगर वरच्या कडीतून ओढला गेल्यासारखा वागतो. नांगर कपारीत अडकला आणि जोर लावला, की सुतळी तुटते, ओढ खालच्या टोकाला जाते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. सुतळी किती वेढे घ्यायची ते काठावर झाडाला नांगर अडकवून, ओढून बघून ठरवा. दोघांनी जोर केल्यावर तुटली पाहिजे.

दोर किती आणि कसला

जनावराचा कासरा किंवा मोटारीला बांधायची हिरवी-निळी प्लास्टिकची दोरी यासाठी नाही. ती दोरी पाण्यावर तरंगते, इंजिनाच्या पंख्यात जाते, आणि उन्हात एक उन्हाळा काढला की तिचे तंतू हाताला टोचायला लागतात. नायलॉनचा दहा मिलीमीटर दोर घ्या. तो बुडतो, आणि ताण आल्यावर थोडा लांबतो, त्यामुळे झटका नांगराला किंवा कडीला बसत नाही.

लांबी खोलीच्या सातपट. खोली मोजताना पाण्यापासून होडीच्या तोंडापर्यंतची उंचीही धरायची. पाणी १५ फूट आणि तोंड पाण्यावर दीड फूट असेल तर दोर ११५ फूट सोडायचा. ऐकायला जास्त वाटतं, म्हणून कारण सांगतो. सातपट दोर सोडला की तो तळाशी आठ अंशांच्या आसपास कोन करतो, ओढ जवळपास आडवी राहते आणि नांगर आणखी रुतत जातो. दुप्पटच सोडला तर कोन तीस अंशांचा होतो. प्रत्येक हिसक्याला नांगर थोडा वर उचलला जातो आणि त्याच ओढीने होडीचं तोंड खाली दबतं. संथ पाण्यात चार-पाच पटीने भागतं, धारेत सात.

एकूण दीडशे फूट दोर सोबत असू द्या आणि दर दहा फुटांवर रंगीत चिंधी ओवून ठेवा, म्हणजे अंधारातही हाताने मोजता येईल. खोली मोजायला दर तीन फुटांवर गाठ मारलेली सुतळी आणि तिला शिशाचं वजन पुरतं. वाळूच्या खड्ड्यांच्या भागात आठ फूट पाणी दहा पावलांवर वीस फूट होतं, तेव्हा एकाच जागी नाही, तीन-चार ठिकाणी मोजा. दोर जिथे होडीच्या काठावरून जातो तिथे पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा ओवा. रात्रभरात दोर तिथेच झिजतो.

गाठ आणि डबा

होडीच्या तोंडाला दोर बांधायचा तो सुरगाठीने. निरगाठ ताणाखाली आवळत जाते, ओली झाली की नखांनाही सुटत नाही. होडीच्या तोंडाशी असलेल्या खुंटीवर दोन वेढे, मग इंग्रजी आठच्या आकारात एक फेरा, आणि शेवटचा फेरा दुमडून घातलेला, म्हणजे मोकळं टोक ओढलं की सगळं सुटतं. ही गाठ अंधारात, एका हाताने, दोरावर ताण असताना सुटते का, ते काठावर करून बघितल्याशिवाय पाण्यात जाऊ नका. सोबतच्या माणसालाही ती आलीच पाहिजे. तुम्ही पाण्यात पडलात तर होडी त्यालाच सोडायची आहे.

दोराच्या दुसऱ्या टोकाला, होडीतच, पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन बांधून ठेवा; झाकण घट्ट, रंग शक्यतो पांढरा किंवा पिवळा. हे टोक होडीला कुठेही बांधलेलं नको. वरून ओंडका येतोय, जलपर्णीचा तांडा येतोय, मोठा मासा लागून खाली पळतोय, काहीही होवो: सुरगाठ ओढायची, कॅन आणि उरलेला दोर पाण्यात सोडून द्यायचा आणि होडी वाहू द्यायची. नांगर तळाला आहे, कॅन त्याची जागा दाखवतो. नंतर येऊन पुन्हा पकडता येतो. या कॅनमुळे दोर सोडायला मन कचरत नाही. नांगर आणि दोर हजार-दोन हजारांचा आहे, तो गेल्याच्या हळहळीत माणूस सोडायला उशीर करतो, आणि तो उशीरच नडतो.

कॅन असला तरी सुरीही हवीच. बोथट टोकाची, दातेरी पात्याची, जॅकेटला दोरीने बांधलेली. आमिष कापायची सुरी पिशवीत असते, ती यात मोजायची नाही.

नांगर टाकण्याची रीत

शिंगाळा डोहाच्या पोटात असतो, पण खायला येतो तो डोहाच्या वरच्या तोंडाशी, जिथे उथळ पाणी खोलात उतरतं. आमिष तिथे पडलं पाहिजे. कोंबडीचं आतडं, गांडूळ, झिंगे, काहीही लावा, वास पाण्याबरोबर खालीच जाणार आहे. म्हणून होडी डोहाच्या वर उभी करायची आणि गळ मागच्या बाजूने खाली टाकायचे. समजा नांगर पडणार तिथे पाणी दहा-बारा फूट आहे, दोर ऐंशी-नव्वद फूट सोडणार आहात आणि गळ साठ फूट जातो. म्हणजे नांगर डोहाच्या तोंडापासून दीडशे फूट वर पडला पाहिजे. बहुतेक जण डोहाच्या अगदी डोक्यावर येऊन नांगर टाकतात आणि होडी उभी राहते तेव्हा मासा त्यांच्या वर राहिलेला असतो.

१. आधी डोहावरून वल्हवत एकदा वर जा. खोली मोजा, ओंडके, जाळी आणि पाईप बघून ठेवा. जॅकवेलच्या आणि शेतकऱ्यांच्या मोटारींच्या जवळपास नांगर टाकू नका. पाण्यात गेलेली केबल नांगरात सापडली तर विजेचा धोका आहे, आणि मोटारीच्या पाइपच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह उखडला तर एखाद्याचं पीक वाळेल.

२. ठरलेल्या जागेच्या वर जाऊन तोंड प्रवाहाकडे धरा. एकाने वल्ही किंवा इंजिन सांभाळायचं, दुसऱ्याने पुढे गुडघ्यावर बसायचं. उभं राहायचं नाही.

३. दोराचं भेंडोळं मोकळं, पाय त्याच्या बाहेर. निघणाऱ्या दोराच्या फासात घोटा अडकणं हा छोट्या होडीतला सगळ्यात वाईट अपघात आहे.

४. नांगर फेकायचा नाही. हाताने, दोर धरत, तळाला टेकेपर्यंत सोडायचा. फेकला तर साखळी नांग्यांना गुंडाळली जाते.

५. होडीला पाण्याबरोबर मागे सरकू द्या आणि दोर हळूहळू सोडत जा. निम्मा सुटला की खुंटीवर एक वेढा घेऊन थोडा अडवा, म्हणजे नांगर धरतो. मग उरलेला सोडा.

६. सातपट झाला की सुरगाठ मारा, मोकळं टोक हाताशी ठेवा. पाच मिनिटं गळ टाकू नका. नुसतं बघा.

काय बघायचं? काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरा: देवळाचा कळस आणि मागचा विजेचा खांब, किंवा जॅकवेलचा कोपरा आणि एखादं करंजाचं झाड. रेष फाकली तर होडी सरकते आहे. ताणलेल्या दोरावर बोटं ठेवून बघा. नांगर रुतला असेल तर दोर ताठ आणि शांत लागतो; तळावरून घसरत असेल तर बोटांना बारीक थरथर आणि मधूनच ठेच जाणवते. अंधार पडायच्या आत या खुणा पक्क्या करा आणि रात्रीसाठी काठावरचे दोन दिवे ठरवून ठेवा. होडीवरही चहूबाजूंनी दिसेल असा एक पांढरा दिवा उंचावर लावा.

होडी झुलते तेव्हा

धारेत एका नांगरावरची होडी डावी-उजवीकडे झुलते आणि तळातली शिशं तिच्यामागे ओढली जातात. याला उपाय म्हणून बरेच जण मागून दुसरा नांगर टाकतात. तो मला मान्य नाही. पुढचा सरकला आणि मागचा धरून राहिला तर होडी गर्रकन फिरते आणि मागची फळी प्रवाहाला येते. त्याऐवजी मागच्या बाजूला पाच-सहा फूट दोरीवर एक बादली सोडा, बुडाला तीन-चार भोकं पाडलेली. पाणी तिला मागे ओढतं आणि होडी सरळ राहते. ही दोरीही सुरगाठीनेच बांधायची. तेवढ्याने भागलं नाही तर तिथली धारच जास्त आहे. दुसरा डोह शोधावा.

बसल्यावर नजर कशावर

काठाजवळ येता येता पाण्याच्या रेषेवर एक काडी रोवून ठेवा, किंवा होडीतून दिसेल असा एखादा दगड हेरा. काडीचं बूड बुडालं की पाणी चढतंय. त्याआधीच्या खुणा पाण्यावर दिसतात: फेसाचे पट्टे, कोरडी पानं, काटक्या, उसाचं पाचट. काठावर पडून असलेला कचरा तरंगायला लागला की वरून पाणी निघालं आहे. रंगही गढुळतो, पण तो उशिरा. पाणी चढलं की दोराचं प्रमाण आपोआप कमी होतं आणि वेग वाढतो, म्हणजे दोन्हीकडून ताण. अशा वेळी आणखी दोर सोडत बसू नका. निघा.

जलपर्णीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिला कुणी घाबरत नाही. पंचगंगा, भीमा आणि उन्हाळ्यात कृष्णेतही तिचे तांडे सुटून येतात. एक हिरवं गठ्ठ्याएवढं झुडूप दोरावर अडकतं, त्यावर दुसरं, आणि बघता बघता खोलीभर चटई दोराला लटकते. ती आडव्या भिंतीसारखी पाणी अडवते आणि सगळा ताण होडीच्या तोंडाला खाली खेचतो. एक-दोन झुडपं वल्ह्याने बाजूला सारा. तांडा येताना दिसला तर पोचायच्या आत सुरगाठ ओढा.

वारा हा जलाशयातला मोठा शत्रू. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. एप्रिल-मेच्या वळवाच्या दिवसांत आभाळात कुठेही काळं भरून आलं, वारा पडला आणि उकडायला लागलं की नांगर उचलून काठ गाठा. पहिली झुळूक येईपर्यंत थांबायचं नाही.

मासा लागला आणि मगरही आहे

मोठा शिंगाळा लागला की दोघांनीही एका कडेला झुकणं, उठून उभं राहणं, हे स्वाभाविक आहे आणि तेच टाळायचं आहे. एकाने गळ सांभाळायचा, दुसऱ्याने विरुद्ध बाजूला बसून तोल राखायचा. मासा खाली धारेत पळाला आणि तंगूस संपत आला तर कॅन सोडून होडीसकट त्याच्यामागे जा. मासा पुढून नांगराच्या दोरात गेला तर तंगूस तोडा, वाकून सोडवू नका. शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि छातीच्या पराचे काटे दातेरी असतात, जखम दिवसभर ठणकते. झाकणाची पेटी आणि पक्कड सोबत ठेवा.

भिलवडी, औदुंबर, डिग्रजचा सगळा पट्टा मगरींचा आहे. मगर ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि नदी तिचीही आहे. थंडीत त्या काठावर उन्हाला पडतात, उन्हाळ्याच्या तोंडाला मादी अंडी घालते आणि घरट्याजवळ फिरकू देत नाही. तेव्हा होडी बांधायला म्हणून संध्याकाळी मांडीभर पाण्यात उतरू नका. पकडलेला मासा दोरीला ओवून होडीच्या कडेला लटकवू नका आणि आतडी तिथेच धुऊ नका.

नांगर उचलणं

निघताना आधी बादली आत घ्या. मग वल्हवत किंवा इंजिनाने सावकाश वर जायचं, पुढच्याने सैल झालेला दोर आत घेत राहायचं. दोर पंख्याकडे जाऊ द्यायचा नाही. होडी नांगराच्या डोक्यावर आली की दोर सरळ उभा होतो. तिथे खुंटीवर एक वेढा घ्या, बसूनच ओढा आणि नांगर पुढच्या तोंडावरून आत घ्या. कडेवरून घेतला तर तेवढ्यानेही होडी कलते.

सुटला नाही तर वर, नांगराच्या पुढे जा आणि उलट दिशेने ओढा. सुतळी तुटून बहुतेक वेळा इथेच काम होतं. तरीही नाही निघाला तर कॅन बांधून दोर सोडून द्या आणि पाणी उतरल्यावर, उजेडात या. दोर मागच्या फळीला बांधून इंजिनाने हिसका द्यायचा प्रकार कुणीही सुचवला तरी करायचा नाही. दोर ताठ होतो, मागची बाजू खाली जाते आणि पाणी आत येतं.

रात्री काठाला बांधताना

होडी काठाला ठेवून घरी जायचं असेल तर तोंड प्रवाहाकडे, आणि दोर काठावरच्या जिवंत झाडाला, पाण्याच्या रेषेच्या बऱ्यापैकी वर. वाळुंज किंवा करंज चालतं. दरडीवरचं मुळं उघडी पडलेलं झाड नको, पाणी चढलं की तेच आधी जातं. घाटाच्या लोखंडी कडीला बांधत असाल तर ती पाण्याखाली गेली तरी सोडता येईल इतका दोर मोकळा ठेवा. पाणी पाच-सहा फूट चढलं किंवा उतरलं तरी होडी लटकू नये आणि दबू नये, एवढी ढील द्या. मागच्या बाजूला वेगळा सैल दोर बांधा, नाहीतर ती रात्रभर दगडावर आपटत राहते. बूच असेल तर लावलं आहे का बघा, वल्ही आणि इंजिन घरी न्या. नांगराचा दोर गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि गुंडाळताना सबंध लांबी एकदा हातातून काढा. चपटी झालेली किंवा तंतू उसवलेली जागा हाताला लागली तर तेवढा भाग कापून टाका आणि दोर पुन्हा मोजून चिंध्या नव्याने ओवा.